सुपारीएवढा देव

माझ्या सासूबाईंचा देव सुपारीएवढा आहे. काळाभोर, गुळगुळीत, वरच्या अंगाला जरासा निमुळता. आम्ही लिंगायत. आमच्यात ज्याचा देव त्याच्या अंगावर असतो. मूल जन्मलं की स्वामी येऊन इष्टलिंग बांधतात आणि माणूस गेला की ते त्याच्याबरोबर मातीत जातं. मधल्या सगळ्या आयुष्यात रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. नियम असा आहे. तो पाळणारी माणसं आता बहुतेक सासूबाईंच्या वयाची राहिली आहेत.

माझं इष्टलिंग कपाटात, दागिन्यांच्या डब्यात असतं. गळ्यात असतात त्या शेडच्या किल्ल्या. अर्धापूरला आमची केळी पॅक करायची शेड आहे. नवरा, मन्मथ, बागा बघतो, सौदे करतो, माल तोडून पाठवतो. आलेला माल धुऊन, निवडून, खोक्यांत भरून ट्रकवर चढवायची जबाबदारी माझी. एक कान फोनला, दुसरा बायकांच्या बोलण्याकडे आणि डोळे केळीवर. केळी निवडणं म्हणजे काय, तर डाग बघणं. लांबी, जाडी, रंग हे सगळं नंतर, आधी डाग. इतकी वर्षं हेच केल्यानं माझी नजर अशी झाली आहे की लग्नाच्या मांडवात गेले तरी मला आधी नवरीच्या शालूवर पडलेला वरणाचा थेंब दिसतो. नवरी मागाहून.

सासूबाईंचं नाव केवळाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मामंजी गेल्यापासून त्या रोज सकाळी माझ्याबरोबर शेडवर येतात. "घरी भिंतीसंगं काय बोलू?" म्हणतात. शेडच्या कोपऱ्यात, धुण्याच्या टाकीपलीकडं एक कॅरेट पालथं घालून त्यावर पोतं अंथरलं की झालं त्यांचं देवघर. कपाळाला भस्म लावायचं, पदराआडची भगव्या वस्त्राची पुरचुंडी सोडायची, देव तळहातावर घ्यायचा, चार थेंब पाणी, एखादं फूल. आणि मग नुसतं बघत बसायचं.

हे बघणं मला कधी कळलं नाही. आजूबाजूला ट्रॅक्टर घरघरतोय, चिकटपट्टी टराटरा फाटतेय, मी कुणाच्या तरी नावानं ओरडतेय, आणि ही बाई हात पुढं धरून अशी बसलेली की जणू तिच्या हातावर लेकरू निजलंय. मला हेवाही वाटायचा आणि रागही यायचा. एकदा मी विचारलंच, "आत्याबाई, एवढं काय दिसतं हो त्यात?"

त्या खरोखर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "दिसत काई न्हाई. बरं वाटतं."

आता अशा उत्तराचं काय करायचं? मी फोन उचलला आणि कामाला लागले.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या घटस्थापनेच्या आधीची. उत्तरेकडची माणसं नवरात्रात उपवास करतात आणि उपवासाला केळी खातात. म्हणजे ते उपाशी राहिले की आमची चूल पेटते. त्या आठवड्यात दिल्लीचा व्यापारी दिवसभर फोनवर असतो. त्या दिवशी वकारभाईंचा ट्रक सकाळीच येऊन लागला होता आणि नेमकी एक बाई आली नव्हती. मग मीच पदर खोचून तिच्या जागी भरायला बसले.

आमच्याकडं भरण्याची एक पद्धत आहे. घडाच्या फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात टाकून त्यांचा चीक घालवायचा, पुसायच्या, मऊ फोमचा कागद मधे घालून खोक्यात रचायच्या आणि खोकं बंद करून त्यावर आपली खूण काढायची. व्यापाऱ्याची तक्रार आली तर माल कुणी भरला ते कळायला हवं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्रं निवडली आहेत. बानोची चंद्रकोर, सरजाबाईचं तुळशीचं पान. माझी बरोबरची खूण. मी भरलेल्या खोक्याची तक्रार आजवर आलेली नाही, हे मी दिवसातून एकदा तरी सगळ्यांना ऐकवते.

पूजा झाली आणि आत्याबाईंच्या गळ्यातला दोरा तुटला. जुनाच होता. आमच्या गावची माणसं अशा वेळी काय करतात? खाली हात घालतात आणि केळीचं सोपट, म्हणजे खोडाची सोललेली साल, उचलतात. गजरे, कोथिंबिरीच्या जुड्या, दारावरची तोरणं, सगळं आम्ही सोपटानं बांधतो. मन्मथनं एकदा मोटारसायकलची नंबरप्लेट बांधली होती, ती परभणीपर्यंत जाऊन आली. आत्याबाईंनीही टाकीतलं एक ओलं सोपट घेतलं, चिरून त्याची दोरी केली, पुरचुंडी तिच्यात गुंडाळली आणि गळ्यात बांधली. ओलं सोपट रेशमासारखं वळतं. वाळलं की आकसतं आणि गाठ सैल पडते. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी आम्ही सोपटच उचलतो.

मग त्यांनी साखरेची गोळी घेतली. न्याहारीच्या आधी घ्यायची गोळी. न्याहारी मात्र राहून गेली, कारण एकाच वेळी दोन ट्रॅक्टर माल घेऊन आले आणि त्या स्टोव्हच्या धगीपाशी बसून सगळ्यांसाठी चहा करायला लागल्या. मलाही चहा घेऊन आल्या. माझे दोन्ही हात चिकानं भरलेले. मी वरसुद्धा बघितलं नाही. "ठेवा तिथं," म्हणाले. त्यांनी ठेवला नाही. वाकून ग्लास माझ्या तोंडाशी धरला. "गार होतंय. पी. तू काई ठेवलेलं घेत न्हाईस." मी घाईनं दोन घोट घेतले आणि मान फिरवली.

पत्रे तापले तेव्हा बायका हात धुऊन न्याहारीला बसल्या. आत्याबाई त्यांच्यात बसल्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. त्यांची एक सवय आहे. पहिला घास मोडला की तो छातीशी नेतात, आत बांधलेल्या देवाला दाखवतात आणि मग तोंडात घालतात. त्यांनी घास मोडला, छातीशी नेला आणि हात तिथंच थांबला.

त्यांनी घास ताटात परत ठेवला. पदर चाचपला, चोळीत बघितलं, उभं राहून लुगडं झटकलं. मग फार हळू आवाजात, जणू शेजारणीला मीठ मागावं तसं म्हणाल्या, "बानो, माझा देव पडला गं कुठंतरी."

खरं सांगते, मला आधी राग आला. अर्धा ट्रक भरायचा होता, व्यापाऱ्याचे चार फोन घ्यायचे राहिले होते, आणि हे काय नवीन! मी म्हटलं, "सापडेल आत्याबाई, जातोय कुठं. तुम्ही खाऊन घ्या. गोळी घेतलीय तुम्ही."

"सापडल्यावर खाते."

"आणि नाही सापडला तर?"

"तर स्वामी नवं देतील. त्याला काय, देतात की."

"मग तोवर पाणी तरी प्या."

त्या माझ्याकडं बघून हसल्या. "अगं, रुसून न्हाई बसले मी. पण त्याच्या आधी मी कधी खाल्लंच न्हाई. मला जमायचं न्हाई ते. घास उतरायचा न्हाई."

मी मन्मथला फोन लावला. तो दाभडच्या बागेत होता. तो म्हणाला, आपल्या स्वामींना विचारतो. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, स्वामी शिरूर अनंतपाळला एका कार्यक्रमाला गेलेत, उद्या दुपारी येतील. उद्या दुपारी! साखरेची गोळी पोटात घेऊन ही बाई उद्या दुपारपर्यंत बिनपाण्याची बसणार होती. माझ्या मावशीची साखर अशीच उपाशीपोटी उतरली होती. ती स्वयंपाकघरात बोलता बोलता कोसळली आणि पुन्हा तिची जीभ नीट वळली नाही.

आम्ही शोधायला लागलो. स्टोव्हपाशी, कॅरेटखाली, बाहेर नळाकडच्या वाटेवर. सरजाबाईला भरण्याच्या टेबलाखाली सोपटाची वाळलेली दोरी सापडली आणि तिच्यात अडकलेलं भगवं वस्त्र. रिकामं. म्हणजे देव टेबलापाशीच पडला होता. टेबलाच्या एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला उघडी खोकी. टाकीत पडला असला तर ठीक. खोक्यात पडला असला तर तो बंद होऊन ट्रकवर चढला होता, आणि परवा दिल्लीत कुणाच्या तरी हातगाडीवर निघाला असता.

टाकी उपसली. बायकांनी तळाचा गाळ साडीच्या फडक्यातून गाळून काढला. चिकाचे गोळे निघाले, एक हेअरपिन निघाली, माझं मागच्या वर्षी हरवलेलं पेन निघालं. देव निघाला नाही.

आता ट्रक. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. भरलेली, चिकटपट्टी लावलेली, रचलेली खोकी परत उतरवायची आणि एकेक उघडायचं म्हणजे दिवस गेला. त्या गाडीचा बाजार हुकला की माल पडून राहणार, व्यापारी पुढच्या वेळी दुसरी शेड बघणार. फोन खणखणतच होता. माझ्या तोंडातून हो निघेना आणि नाहीही निघेना.

माझी अडचण आत्याबाईंनीच सोडवली. पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "गाडी जाऊ दे, सुकन्या. माल थांबवू नको. लोकायचा उपास हाय तिकडं."

बाई उपाशी, आणि चिंता दिल्लीच्या उपासाची! मला रडू यायच्या बेतात होतं, म्हणून मी ओरडले. "चला गं, हात चालवा! गाडी भरायची आहे."

कुणाचेच हात हलले नाहीत.

बानो आमच्याकडं सगळ्यात जुनी. तिचा नवरा, जिलानी, अर्धापूरच्या बसस्टँडवर घड्याळं दुरुस्त करतो. ती कधी मला उलटून बोलली नव्हती. आता ती ट्रककडं चालत गेली आणि मागच्या फळीला हात लावून उभी राहिली. "वैनी, चंद्रकोरीची खोकी तेवढी उतरवून द्या. माझी मी उघडते. माझी मीच परत भरते. तुमाला काई तरास न्हाई."

"अगं, पण न्याहारी तरी कर. तुम्ही सगळ्या उपाशी कशाला?"

"अम्मा बिन खायाची बसली आन आमी खावं?" ती म्हणाली. रागानं नाही. मी काहीतरी अगदीच अडाण्यासारखं विचारलंय अशा आवाजात.

तेव्हा मी वळून बघितलं. भाकरी तशाच होत्या. एकीनंही घास उचलला नव्हता. पहाटे अंधारात घरचं सगळं आवरून आलेल्या त्या बायका. त्यांच्यापैकी अर्ध्या जणींना इष्टलिंग म्हणजे काय हेही नीट माहीत नसेल. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. मी एवढ्या वर्षांची मालकीण, आणि माझ्या शेडमध्ये एवढं मोठं काही राहतंय याचा मला पत्ता नव्हता.

वकारभाईंनी ट्रकची फळी पाडली. "दिल्ली काई पळून जाऊन नाही राहिली वैनी," ते म्हणाले. "गाडी मी रात्रभर हाणतो." आणि स्वतःच वर चढून खोकी खाली द्यायला लागले.

खूण बघून जिची तिला खोकी वाटली गेली. शेडभर बायका मांडी घालून बसल्या. चिकटपट्टी कापायची, फण्या एकेक करून बाहेर काढायच्या, फोम झटकायचा, परत रचायच्या. एरवी या शेडमध्ये सुनांची उणीदुणी, सिलिंडरचा भाव आणि टीव्हीवरच्या मालिका एकदमच चालतात. त्या दिवशी नुसता कागदांचा आवाज.

माझ्या खुणेची खोकी एका बाजूला रचून ठेवली होती. ती मी उघडली नाहीत. गरजच काय? मी प्रत्येक केळं डोळ्यांखालून घालते. सुपारीएवढी काळी वस्तू माझ्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. मी साखरपाणी कालवून आत्याबाईंपाशी गेले.

त्यांचा चेहरा उतरला होता. कपाळावरच्या भस्मात घामाचे ओघळ आले होते. हात मांडीवर ठेवला होता, तो थरथरत होता.

"घ्या," मी म्हटलं.

"थांब गं जरा."

"थांबू काय? थरथरताय तुम्ही! मी नांदेडला नेऊन सलाईन लावीन बघा. ते काही तोंडानं घ्यायचं नसतं. तुमचा नियम मोडायचा नाही."

त्यांना हसू आलं. हसतानाही त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. "लई हुशार हायस. जा, ती कामं कर."

"कामं गेली खड्ड्यात! तुम्हाला काही झालं तर मी काय करू? कुणाशी भांडू मी? त्या देवाला एवढंही कळत नाही का?"

हे मी बोलून गेले आणि मलाच धक्का बसला. आत्याबाई रागावल्या नाहीत. ग्लास धरलेल्या माझ्या मनगटावर त्यांनी हात ठेवला. बर्फासारखा गार हात. "त्याला कळतंय न कळतंय, मला न्हाई ठावं. तुझे मामंजी गेले त्या दिवशी बी सकाळी मी हातावर घेतला होता. मन्मथ झाला त्या दिवशी बी. रोज तेवढाच येळ माझा असतो बग. बाकी समदा दिस दुसऱ्यायचा."

ग्लास खाली ठेवून मी उठले. मला काय करायचंय ते मला माहीत नव्हतं. काहीतरी फाडायचं होतं एवढंच. समोर माझीच खोकी होती. बरोबरच्या खुणेची. मी पहिलं खोकं फाडलं, दुसरं फाडलं. कात्री न घेता, नखांनी. फण्या बाहेर काढून नीट ठेवायचंही भान नव्हतं. बानो तिकडून ओरडली, "वैनी, हळू, माल दबंल!" मला ऐकायचं नव्हतं.

कितवं खोकं होतं कोण जाणे. फोमचा कागद बाजूला केला, आणि हिरव्यागार फणीच्या दोन केळ्यांच्या बेचक्यात एक काळा डाग दिसला. हा डाग मी कसा काय पास केला? हाच पहिला विचार आला, देवाशपथ. तो पुसायला मी अंगठा टेकवला.

अंगठ्याला गार लागलं. गार आणि गुळगुळीत. तो डाग जरासा हलला.

मी हात मागं घेतला. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी खोक्यावर पडली होती आणि त्या काळ्या पाठीवर तिचा एक ठिपका चमकत होता. भोवती हिरवी केळी ओंजळीसारखी वळलेली. मी आयुष्यात किती केळी बघितली असतील! त्यांचा रंग एवढा हिरवा असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग कळलं. माझ्या खोक्यात तो आला कसा? चहा. त्या माझ्या तोंडाशी ग्लास धरायला वाकल्या होत्या, सैल पडलेली गाठ तेव्हाच सुटली होती. देव माझ्या डोळ्यांसमोर पडला होता, अगदी माझ्या हातांवरून घरंगळत गेला असेल, आणि मी वरून फोमचा कागद घालून, चिकटपट्टी मारून, बरोबरची खूण काढली होती.

"सापडला," मी म्हणाले. ते इतकं हळू निघालं की फक्त सरजाबाईला ऐकू गेलं. ती किंचाळली. बायका धावत आल्या, आणि खोक्यापासून हातभर अंतरावर आपोआप थांबल्या. कुणी हात पुढं केला नाही. वकारभाईंनी पायातल्या चपला बाजूला काढल्या. बानोनं डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली.

मीही हात लावला नाही. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नाही असं माझ्या आईनं लहानपणीच बजावलं होतं. "आत्याबाई, या ना," मी म्हटलं. "तुम्हीच घ्या."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. बानो आणि सरजाबाईनं दोन्हीकडून धरलं, तरी त्यांचे पाय ठरेनात. त्या परत पोत्यावर टेकल्या. "तूच आण."

"मी?"

"तुलाच गावला न्हवं? आण."

मी हात धुतले. तुरटीच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं, मग पुन्हा साध्या पाण्यानं. चिकाचे काळे डाग काही जात नाहीत हाताचे, ते तसेच. मी दोन्ही हातांनी देव उचलला. त्याला वजन होतं. एवढ्याशा वस्तूच्या मानानं फार वजन होतं. शेडच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत मी चालत आले तेव्हा मला माझ्या पावलांचा आवाज ऐकू येत होता.

आत्याबाईंनी डावा हात पुढं केला. तो पानासारखा थरथरत होता. त्यांनी उजव्या हातानं मनगट धरून बघितलं, कोपर मांडीवर टेकवून बघितलं. थरथर थांबेना. देव ठेवला असता तर पुन्हा पडला असता.

"अंगावरनं पडला होता, पुन्हा पूजा केल्याबिगर कसं खाऊ?" त्या पहिल्यांदाच घाबरल्यासारख्या बोलल्या. एवढा वेळ शांत बसलेली बाई आता रडवेली झाली होती. देव समोर होता आणि हात ऐकत नव्हता.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. डावा तळहात उघडला आणि देव त्यावर ठेवून त्यांच्या पुढं धरला.

"माझ्या हातावर करा," मी म्हटलं. "चालतं का हे, मला माहीत नाही. पण करा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चालतं की नाही हे त्याही बोलल्या नाहीत. कंबरेच्या पिशवीतून भस्माची गोटी काढली आणि बोट टेकवून आधी माझ्या कपाळावर तीन रेघा ओढल्या. वाकड्यातिकड्या. मग बानोनं पाण्याचा तांब्या दिला. थेंब देवावर पडला, तिथून माझ्या तळहातावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. फूल नव्हतं. सरजाबाई धावत जाऊन बांधावरून कुठलंसं पिवळं रानफूल घेऊन आली. ते वाहिलं. आत्याबाईंचे ओठ हलायला लागले आणि मग थांबले. त्या बघायला लागल्या.

मीही बघत होते. दुसरीकडं बघणार कुठं? हात हलवायची सोय नव्हती, उठायची सोय नव्हती. काळ्या पाठीवर पाण्याचा एक थेंब ठरला होता आणि त्यात अख्खी शेड उलटी दिसत होती: पत्रे, उघडी खोकी, उभ्या असलेल्या बायका, सगळं ज्वारीच्या दाण्याएवढं. काहीतरी घडेल असं मला वाटत होतं. घडलं काहीच नाही. माझ्या छातीत सकाळपासून, नाही, कितीतरी वर्षांपासून घट्ट आवळून धरलेलं काहीतरी होतं, ते आपलं आपण सैल झालं. माझे डोळे भरून आले आणि मला ते पुसताही येईनात.

आत्याबाईंनी शेजारच्या ढिगातलं एक पिकलेलं केळं मागितलं. विकायला नालायक म्हणून मी बाजूला टाकलेलं. बानोनं ते सोलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी देवाला दाखवलं. मग एक घास खाल्ला. चावला. गिळला. सगळी शेड त्यांच्या गळ्याकडं बघत होती. त्यांनी दुसरा घास खाल्ला, साखरपाण्याचा ग्लास संपवला, आणि सरजाबाई मोठ्यानं रडायला लागली.

"रडतीस काय, भाकरी आण," आत्याबाई म्हणाल्या. "समद्याजणी बसा. गार झाली असंल."

बायका तिथंच आमच्याभोवती फतकल मारून बसल्या. वकारभाईंनाही कुणीतरी भाकरीवर चटणी घालून दिली. हळूहळू आवाज परत आला. कुणी चटणीत मीठ कमी आहे म्हणालं, कुणी कुणाला कोपरानं ढोसलं. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर रंग चढत होता. हाताची थरथर थांबली. त्यांनी तो पदराला पुसला आणि माझ्यापुढं केला.

"दे आता. अवघडला असंल तुझा हात. कामं पडलीत तुला."

हात खरंच अवघडला होता. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आल्या होत्या.

"राहू द्या की," मी म्हणाले. "अजून जरा."